एकाच ॲप्रनमधल्या चाळीस बायका

सेवेच्या शेवटच्या वर्षात माझ्याकडे आलेलं एक प्रकरण मी अजून विसरू शकलेलो नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर त्याची चार ओळींची बातमी आली आणि विषय संपला. पण इतकं कुतूहल माझ्यात फार कमी गुन्ह्यांनी जागवलं असेल.

गिरणगावातल्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. त्या आठवड्यात आमच्यामागे बंदोबस्ताचं काम लागलं होतं. गरीब वस्त्यांतल्या लोकांना कौशल्य शिकवून रोजगार देण्याच्या सरकारी योजना प्रत्यक्षात कशा चालतात, हे तपासायला संसदेची एक समिती गुरुवारी येणार होती. पाहणीसाठी लालबागचं एक प्रशिक्षण केंद्र निवडलं होतं. रुग्णसेवेचा कोर्स शिकवणारं, भिंती नव्याने रंगवलेलं, दारात कुंड्या ठेवलेलं.

सोमवारी सकाळी मी गाड्या कुठे लावायच्या याचा नकाशा बघत होतो. बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी हसण्याचा आवाज आला. पोलीस ठाण्यात सकाळी कुणी हसलं की मी उठून बघायचो. बहुतेक वेळा कुणाच्या तरी अडचणीला हसत असतात.

काळाचौकीच्या एका चाळीतल्या सासू-सुना उभ्या होत्या. सून सव्वीस-सत्तावीसची. सासू साठीची, मूळची मालवणकडची, कपाळावर मोठं कुंकू. अंमलदार मला म्हणाला, "साहेब, यांची नोकरी चोरीला गेलीय म्हणे."

"हसायला काय झालां?" सासू कडाडली. "माझ्या सुनेक नोकरी लागली, आनि माकाच ठाऊक नाय! खंय लागली ती शोधून देवा."

मी दोघींना आत बसवलं आणि सुनेला सावकाश सांगायला सांगितलं. तिचा नवरा हिंदमाताच्या एका साडीच्या दुकानात विक्रेता होता. तिला स्वतःलाही काम हवं होतं. परळला इतकी इस्पितळं, म्हणून तिने रुग्णसेवेचा सरकारी कोर्स करायचं ठरवलं आणि परळच्या एका केंद्रावर नाव द्यायला गेली. तिथल्या बाईंनी आधार क्रमांक टाकला आणि म्हणाल्या, तुमचा हा कोर्स मागच्याच वर्षी झालाय. लालबागच्या केंद्रातून. तुम्ही वरळीला नोकरीलाही आहात. एकदा लाभ घेतलेल्याला पुन्हा प्रवेश मिळत नाही.

"मी त्यांना म्हटलं, मॅडम, मी घरी आहे," सून म्हणाली. "तर त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरमध्ये तसं नाहीये."

"लालबागच्या केंद्रात कधी गेली होतीस? तिथे अंगठा दिला होतास?"

"नाही साहेब. कधीच नाही."

बोलताना तिची नजर हलली नाही. खोटं बोलणारा माणूस बहुतेक वेळा जास्तीचे तपशील देतो. हिच्याकडे तपशीलच नव्हते. मी स्टेशन डायरीत नोंद करायला लावली आणि प्राथमिक चौकशी स्वतःकडे घेतली. खरं सांगायचं तर गुन्ह्यापेक्षा मला ती नोकरीच बघायची होती. जी बाई कामावर नाही, ती कामावर असल्याचं कुणाला आणि कशासाठी हवं असेल?

मंगळवारी मी महिला हवालदाराला घेऊन आधी वरळीला गेलो. रुग्णसेविका पुरवणाऱ्या संस्थेचा कागदावरचा पत्ता एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा होता. पाटी होती, दाराला कुलूप होतं. शेजारच्या शिंप्याने सांगितलं, महिन्यातून एकदा कुणी येऊन टपाल उचलून नेतो. पांढऱ्या कपड्यातली एकही बाई त्याने पाहिली नव्हती.

तिथून लालबागच्या केंद्रात गेलो. संचालक पन्नाशीचे, बोलायला गोड. बंदोबस्तासाठीच आलो असं समजून त्यांनी चहा मागवला. मी सुनेचं नाव घेतलं तेव्हाही चेहरा बदलला नाही. कपाटातून त्यांनी एक जाड फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. त्या तुकडीत चाळीस बायका होत्या. प्रत्येकीचा अंगठा, प्रमाणपत्र, नेमणुकीचं पत्र आणि कामाच्या ठिकाणी पांढऱ्या ॲप्रनमध्ये काढलेला मोठा रंगीत फोटो. प्रत्येक फोटोखाली वेगळी तारीख, वेगळ्या रुग्णाचा पत्ता. सुनेचाही फोटो होता.

"बायका घाबरतात हो, साहेब," संचालक म्हणाले. "घरच्यांना न सांगता कोर्स करतात, काम सोडून देतात, मग नाही म्हणतात."

हे अगदीच अशक्य नव्हतं. फाइलची पोच देऊन मी ती ठाण्यात आणली. कागद इतके चोख होते की मलाही क्षणभर वाटलं, सून काही लपवत असेल. त्याच संध्याकाळी संबंधित खात्यातल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज नम्र होता. "चौकशी जरूर करा. फक्त शुक्रवारपासून करा. समितीसमोर राज्याची शोभा नको."

निवृत्तीला आठ महिने उरले होते. शुक्रवार काही लांब नव्हता. थांबावं असं माझ्या मनात आलं, हे मी लपवत नाही.

बुधवारी सकाळी ओळख पटवायला मी सासू-सुनेला बोलावलं आणि सुनेपुढे तिचा फोटो ठेवला. ती बघतच राहिली.

"ही मीच. पण हा कोट..." मग एकदम म्हणाली, "अय्या, हे तर हळदीकुंकू! मंडळाच्या हॉलमध्ये झालं होतं. कोथिंबीर वडी दिली होती आणि स्टीलचा डबा. बीपी तपासलं, अंगठा घेतला. आरोग्याचा कार्यक्रम आहे, कोट घालून आठवण म्हणून फोटो काढू, असं म्हणाले होते."

सोमवारी मी तिला प्रशिक्षण आणि केंद्र याबद्दल विचारलं होतं. हळदीकुंकवाबद्दल विचारलं नव्हतं. चूक माझ्या प्रश्नाची होती. पण हा तिचा एकटीचा शब्द होता, आणि समोर चाळीस जणींचे कागद होते.

एवढ्यात सासूने चष्मा लावला आणि फोटो हातात घेतला. सुनेच्या चेहऱ्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती ॲप्रनचा खिसा बघत होती. मग टेबलावरचा दुसरा फोटो उचलला, तिसरा उचलला.

"सायबानू, ह्यो टाको माझो आसा."

"म्हणजे?"

"ह्या रफू माझ्या हातचा. तळमजल्यावरची मास्तरीण फाटको कोट घेऊन इल्ली. पांढरो दोरो संपलेलो, म्हणान मी निळो घातलंय. बघा, हय पन तोच. हय पन तोच."

महिला हवालदाराने सगळे फोटो टेबलावर पसरले. खिशाच्या डाव्या कोपऱ्यात फिकट निळ्या दोऱ्याचा उभा-आडवा रफू. चाळीस बायका, चाळीस पत्ते, चाळीस तारखा आणि ॲप्रन एकच. मी ते फोटो रात्री दोनदा पाहिले होते. मी चेहरे बघत होतो. जन्मभर गिरणी कामगारांचे कपडे शिवणाऱ्या त्या बाईने कापड बघितलं.

मास्तरीण म्हणजे केंद्रातली शिक्षिका. पस्तिशीची, परिचारिकेचं शिक्षण घेतलेली, सासू-सुनेच्याच चाळीत राहणारी. दुपारी तिला चौकशीला बोलावलं. मी तिच्यापुढे फोटो ठेवले आणि काहीही न विचारता माझं दुसरं काम करत बसलो. पाच-सात मिनिटं गेली. माणसाला मनातलं बोलायचं असेल तर आपण गप्प बसलेलं बरं.

"पहिली तुकडी मी खरी शिकवली, साहेब," ती म्हणाली. "सहा महिने. त्यातल्या मुली आजही कामाला आहेत, नावं देते. चौकशी करा."

"मग पुढे काय झालं?"

"सर म्हणाले, शिकवायला सहा महिने लागतात, फोटोला दोन मिनिटं. वर आकडा विचारतात, आकड्यावर पैसे देतात. मुलगी कोण विचारत नाहीत."

"आणि तू ऐकलंस?"

"मला नेमणुकीचं पत्रच दिलेलं नाही. उद्यापासून येऊ नको म्हटलं की माझं संपलं." तिने समोरचा एक फोटो उलटा ठेवला. "इतरांना नोकरीची पत्रं मी माझ्या हाताने लिहिली आणि माझ्याकडेच नव्हतं. हे घरी कुणाला सांगणार?"

तिने सविस्तर जबाब दिला. हळदीकुंकूही केंद्राच्याच पैशाने झालं होतं. त्यानंतर संचालकांना बोलावलं. कालचा गोडवा तासाभरात गेला, पण माणूस मोडला नाही. शेवटी शांतपणे म्हणाले, "साहेब, फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत. किती शिकले आणि किती लागले. मी दोन्ही भरले. ती बाई आज कामावर आहे का, असा रकाना कुठे आहे, दाखवा."

आरोपीच्या तोंडून आलं असलं तरी ते खोटं नव्हतं, आणि तेच मला खटकत राहिलं.

मी उपायुक्तांना भेटून सगळं सांगितलं, खात्यातून आलेल्या फोनसकट. वयाने ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान. त्यांनी फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाले, "गुन्हा नोंदवा. समितीला लेखी कळवू. आपण लपवलं असं व्हायला नको." संध्याकाळी फसवणूक आणि बनावट दस्तऐवजांचा गुन्हा दाखल झाला, संचालकांना अटक झाली, केंद्राला सील लागलं.

मला वाटलं, आता समिती येणार नाही. पण गुरुवारी सकाळी निरोप आला. केंद्र बंद असेल तर हरकत नाही, फाइलमधल्या बायका भेटतील का?

त्या काळाचौकीच्या मंडळाच्या हॉलमध्ये भेटल्या. जिथे हळदीकुंकू झालं होतं, तिथेच. वीस-पंचवीस जणी आल्या. मी दाराशी उभा होतो. चौकशा मी आयुष्यभर केल्या होत्या, पण खासदार सरकारी अधिकाऱ्यांना प्रश्न विचारताना कधी पाहिले नव्हते. भाषणं होतील अशी माझी समजूत होती.

समितीत परराज्यातल्या एक वयस्कर खासदार होत्या. साधी सुती साडी, हातात पेन्सिल. त्यांनी सुनेला पुढे बोलावून तिचं सगळं हिंदीतून ऐकून घेतलं. मग खात्याच्या अधिकाऱ्यांकडे वळल्या.

"या बाईंना नोकरी लागली आहे का?"

"मॅडम, रेकॉर्डप्रमाणे..."

"रेकॉर्ड मी वाचलाय. त्या समोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे बघून सांगा."

अधिकाऱ्यांनी हातातली फाइल मिटली.

"नोकरी लागल्यावर तीन महिन्यांनी जाऊन कोण बघतं?"

"तशी तरतूद नाही, मॅडम."

"का नाही?"

बाईंनी आवाज चढवला नाही, कुणाला टोचून बोलल्या नाहीत. पेन्सिलने काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. यांचं नाव यादीतून कोण दुरुस्त करणार? किती दिवसांत? आणि यांना कळवणार कोण? हे कोणी केलं, ते मी शोधून काढलं होतं. त्या, हे होऊ कसं शकलं, ते शोधत होत्या. हा दुसरा प्रश्न इतक्या वर्षांत मी किती वेळा विचारला होता? दाराशी उभ्या उभ्या मी आठवून बघितलं. फारसं काही आठवलं नाही.

पुढचं सगळं सावकाश झालं. शिक्षिका माफीची साक्षीदार झाली. संचालक जामिनावर सुटले, खटला अजून चालू आहे. सुनेची नोंद दुरुस्त व्हायला दोषारोपपत्रापेक्षा जास्त वेळ लागला. तिच्यासाठी मी तीन पत्रं लिहिली आणि दोनदा कार्यालयात जाऊन बसलो. नोंद निघाल्यावर तिने परळला कोर्स पूर्ण केला आणि तिथल्याच एका इस्पितळात लागली. समितीच्या अहवालात, नेमणुकीनंतर प्रत्यक्ष भेट देऊन खात्री करावी, अशी शिफारस आली. त्या शिफारशीचं पुढे काय झालं, हे मला कळलेलं नाही. कळावं असं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त आठवतात ते जबाब. चाळीसही जणींचे जबाब घ्यायचे होते. महिला हवालदार आणि मी चाळीचाळींतून फिरलो. ठरलेले प्रश्न संपले की मी एक जास्तीचा विचारायचो, तुम्हाला खरं काय शिकायचं होतं? एक म्हणाली, संगणकावर मराठी लिहायला. एकीला औषधाच्या डब्यांवरचं वाचता येईल एवढं इंग्रजी हवं होतं, कारण सासऱ्यांना दोनदा चुकीची गोळी दिली गेली होती. रुग्णसेवा शिकायची होती अशा जेमतेम सहा-सात जणी निघाल्या. सरकारी वकिलांनी पुढे ती सगळी उत्तरं जबाबातून काढायला लावली. खटल्याशी संबंध नाही, म्हणाले. कायद्याने त्यांचं बरोबर होतं.

या यादीत पन्नाशीला आलेल्या एक बाई होत्या, चार घरी पोळ्या लाटणाऱ्या. माझा प्रश्न ऐकून त्यांनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "हे कुणी विचारलंच नव्हतं हो, साहेब. विचार करून सांगते."

मला वाटलं, विसरतील. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्या ठाण्यात आल्या. नीट इस्त्रीची साडी नेसून. अंमलदाराने काम विचारलं तर म्हणाल्या, साहेबांनाच सांगायचंय. माझ्या खोलीत आल्या, बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत.

"टॅक्सी," त्या म्हणाल्या. "मला टॅक्सी चालवायला शिकायचंय. लिहून घ्या."

मी कागद पुढे ओढला आणि लिहून घेतलं.