बिनबटणांचा ड्रेस

मास्तरांचं असं ठाम मत होतं, आणि त्यांची सगळीच मतं ठाम असत, की दारातून आधी माणसाचे खांदे आत येतात आणि मग माणूस. गिऱ्हाईक दुकानाच्या दोन पायऱ्या चढेपर्यंत त्यांचं माप घेऊन झालेलं असे. टेप गळ्यात असायचा तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. "टेपच्या आधी मला कळतं," असं ते छातीठोकपणे सांगत, आणि वैताग असा की ते खरं असे.

दुकान तसं चिंचोळंच. मधोमध बेतायचं टेबल एवढं मोठं की बायको म्हणायची, आधी टेबल ठेवलं असणार आणि मग भोवती भिंती बांधल्या असणार. याच टेबलाखाली, कापडाच्या तुकड्यांच्या ढिगात त्यांची एकुलती एक लेक लहानाची मोठी झाली. तिथेच झोपायची, तिथेच अभ्यास करायची, केसांत सदा दोऱ्यांचे तुकडे. तिचं पाळण्यातलं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. मास्तरांनी हाक मारली ती चिंधी अशीच. पुढे चिंधी शिकली, पुलांचे नकाशे काढणाऱ्या कंपनीत लागली, दूरच्या शहरात गेली, आणि तिथेच तिनं आपलं लग्नही जमवलं.

लग्न म्हटलं की मास्तरांचा शब्द आला. चिंधी टेबलाखाली मावत होती तेव्हाच त्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "हिच्या लग्नाचा ड्रेस माझ्या हातचा. दुसऱ्या कुणी कात्री लावली तर मी लग्नाला येणार नाही." ही प्रतिज्ञा गल्लीतल्या प्रत्येकानं इतक्यांदा ऐकली होती की लग्न ठरल्याचं कळताच लोकांनी नवरा मुलगा काय करतो हे विचारलं नाही. मास्तर, कापड कुठलं घेतलंत, हे विचारलं.

मास्तरांनी कापड घेतलंच नव्हतं. गेलं वर्षभर त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टरांनी त्या थरथरीला मोठं नाव दिलं, गोळ्या दिल्या, आणि हात पूर्वीसारखा होणार नाही हेही सांगितलं. मशीनवर सरळ शिवण जमायची, कारण तिथे कापड मशीन धरतं. पण कात्री हातात घेतली की रेघ वाकडी जाई. सुईत दोरा ओवताना तर मास्तर दुकानाचं दार लावून घेत, कोणी बघू नये म्हणून. हे फक्त बायकोला ठाऊक होतं.

"चिंधीला सांगून टाका," बायको म्हणायची.

"काय सांगू? बाप शिंपी होता, आता नाही, असं?"

"शब्दाची एवढी काळजी आणि पोरीची नाही!"

"पोरीचीच काळजी आहे. तू गप्प बस." मग फोनवर चिंधीनं ड्रेसचं विचारलं की मास्तर रुबाबात सांगत, "बेत डोक्यात चाललाय. घाई करू नकोस."

आता या बापलेकींचं फोनवरचं बोलणं म्हणजे जेवलीस का, हो, तुम्ही, मीही, ठेवतो. यावर उपाय म्हणून चिंधीनं मागे सुट्टीत आली असताना दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक ऑनलाइन गेम घालून दिला होता. दर रविवारी दुपारी दुकान बंद करून मास्तर कानाला हेडफोन लावत, आणि मग दोघं एका भल्यामोठ्या काल्पनिक देशात डोंगर चढत, नद्या ओलांडत, अजगरांच्या मागे धावत. चालता चालता गप्पा होत. समोरासमोर बसून जे बोलायला या घराण्याला कधी जमलं नव्हतं ते अजगराच्या मागे धावताना सहज जमे. मास्तरांचं पात्र होतं एक धिप्पाड भालदार. चिंधीचं होतं रुंद खांद्यांची तलवारबाज.

मास्तरांचं लक्ष मात्र अजगराकडे कमी आणि कपड्यांकडे जास्त. "अगं, तुझी बाही बघ! हात वर केलास की बाही दंडातून आरपार जाते. आणि हा चिलखतावरचा झगा चालताना गुडघ्यात घुसतोय. एवढी मोठी कंपनी, एक शिंपी ठेवता येत नाही?"

"बाबा, अजगर!"

"अजगर कुठे जातोय? बाही जोडतात तो मुंढा चुकलाय, तो आधी बघ."

हे गाऱ्हाणं त्यांनी शेजारच्या मोबाइलवालीलाही ऐकवलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारी ही बाई अंगानं काटकुळी आणि जिभेनं तिखट. रोज तेच ऐकून ती कंटाळली आणि म्हणाली, "मास्तर, एवढं खुपतंय तर स्वतःच दुरुस्त करा की. बाहेरच्या लोकांनी बनवलेली अवजारं मिळतात. पात्राचे कपडे, केस, चेहरा, हवं ते बदलता येतं. कंपनीला ते आवडत नाही हं. पकडलं तर खातं बंद करतात."

"करू देत. मी काय त्यांचं सोनं पळवतोय? मी मुंढा सरळ करतोय."

तिनं ते अवजार घालून दिलं आणि दोन-चार गोष्टी दाखवल्या. पात्राच्या अंगावरचा कपडा पडद्यावर सुटा होऊन सपाट पसरला. पुढचा भाग, पाठ, दोन बाह्या, कॉलर. मास्तर पडद्याकडे बघत राहिले आणि मग मांडीवर थाप मारून खदाखदा हसले. "हा तर बेत! अगं, हे तर मी जन्मभर करतोय!"

दुसरी गंमत त्यांना नंतर कळली. इथे रेघ हातानं मारायची नव्हती. एक ठिपका इथे, एक ठिपका तिथे, मधली रेघ कॉम्प्युटर सरळ ओढी. हात थरथरून ठिपका हलला तर एक कळ दाबायची, पहिल्यासारखं. कापलेलं कापड परत सांधलं जातं असं दुकान मास्तरांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. आधी त्यांनी आपल्या भालदाराचा मुंढा सरळ केला. मग कोट नव्यानं बेतला. आणि मग, न राहवून, चिंधीचा ड्रेस घेतला.

कितीतरी दुपारी त्या ड्रेसवर गेल्या. पायघोळ, मोतिया रंगाचा, कमरेपर्यंत अंगाबरोबर आणि खाली मोकळा घेर. बटण एकही नाही. मास्तरांना लग्नाच्या ड्रेसवर बटणं चालत नसत. "बटण म्हणजे शिंप्यानं मानलेली हार," ते म्हणत. बाजूच्या शिलाईत चेन अशी लपवायची की घालणारीलाही शोधावी लागावी. चिंधीचा डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित उतरता होता, लहानपणी झाडावरून पडल्यापासून. तो उतारही त्यांनी त्या तलवारबाज पात्राच्या अंगात घेतला आणि त्यावर कापड बसवलं. बायको मागे उभी राहून बघत होती. तिनं डोळ्याला पदर लावला. मास्तर म्हणाले, "रडतेस काय? खांदा बघ, खांदा."

रविवार आला. दोघं गेममधल्या कारंज्यापाशी भेटले आणि मास्तरांच्या पडद्यावर चिंधी तो ड्रेस घालून उभी होती.

"हा बघ तुझा ड्रेस," मास्तर म्हणाले. "आधी इथे बेतून पाहिलाय. आवडला तर कापडात उतरवू. जरा वळ. चाल. जिना चढ."

मग चिंधी म्हणाली, "अय्या, बाबा! किती सुंदर!"

ती वळली, चालली, जिना चढली, उतरली. मास्तर कारंज्याभोवती फिरून चारी बाजूंनी बघत होते. घेर लाटेसारखा हलत होता, बाही दंडात घुसत नव्हती, खांदा कुठे ओढत नव्हता. वर्षभरात मास्तरांना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

"आणि बटणं कशी वाटली?" त्यांनी सहज विचारलं. नवीन गिऱ्हाइकाला ते हमखास असं फसवत. बटणं कुठायत, असं समोरच्यानं म्हणायचं आणि मास्तरांनी मग लपवलेली चेन दाखवून भाव खायचा, असा तो ठरलेला खेळ होता.

"मस्त," चिंधी म्हणाली. "बटणंच तर जास्त आवडली मला."

मास्तरांचा हात माउसवरून निघाला.

"चिंधे," ते म्हणाले, "तुला काय दिसतंय?"

"म्हणजे?"

"तुझ्या अंगावर काय आहे ते सांग. खरं सांग."

चिंधीनं मोठा श्वास घेतलेला हेडफोनमध्ये ऐकू आला. "माझं नेहमीचं चिलखत, बाबा. कंपनीचं. अहो, बाहेरच्या अवजारानं बदललेलं फक्त बदलणाऱ्याच्याच कॉम्प्युटरवर दिसतं. बाकीच्यांना आधीचंच दिसतं."

शिंप्याच्या डोक्यात ही गोष्ट येणार तरी कशी? अंगावर कपडा चढवला की तो जगाला दिसतो, याच भरवशावर तर हा धंदा उभा. शिंप्याला एकट्यालाच दिसणारा कपडा मास्तरांनी शिवला होता, आणि त्यात लेकीला भर चौकात फिरवलं होतं.

"मग खोटं का बोललीस?" मास्तर कडाडले.

"तुम्ही किती खूश होतात! तुमचा असा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता." मग तिचाही आवाज चढला. "आणि खोटं मी एकटीच बोलते का? गेल्या खेपेला मला जॅकेट पाठवलंत. त्याची तुरपाई मशीनची होती. मशीनची तुरपाई म्हणजे कापडाला लावलेली चिकटपट्टी, असं कोण म्हणायचं? काजंसुद्धा मशीनची. मी टेबलाखाली वाढलेय, बाबा. मला टाके वाचता येतात. तुमचा हात कधीपासून चालत नाहीये?"

गेममध्ये धिप्पाड भालदार कारंज्यापाशी दगडासारखा उभा होता, आणि दुकानात मास्तर उजवा हात डाव्या हातानं दाबून बसले होते.

"वर्ष झालं," ते शेवटी म्हणाले. "शब्द दिला होता तुला. आता तो पाळता येत नाही, हे सांगायला जीभ उचलेना."

चिंधी रडली. मास्तरही रडले, पण त्यांनी हेडफोनचा माइक हातानं झाकून घेतला. हात थरथरत असल्यानं तो नीट झाकला गेला नाही, आणि तिला सगळं ऐकू गेलं.

"ती फाइल मला पाठवा," ती नाक ओढत म्हणाली. "मीही ते अवजार घालते."

"खातं बंद करतील तुझं. इतक्या वर्षांचं."

"करू देत. मला माझा ड्रेस बघायचाय."

मोबाइलवालीकडून फाइल गेली, आणि संध्याकाळपर्यंत चिंधीला तो दिसला. तिनं फोन केला. "खांदा," एवढंच म्हणाली. "बाबा, तुम्ही माझा खांदा घेतलात."

"मग कुणाचा घेऊ? कंपनीचा?" मास्तर पूर्ववत झाले होते. "आता ऐक. बेत तयार आहे, सपाट करून ठेवलाय. तुमच्याकडे नकाशे छापायचं मोठं मशीन आहे ना? त्यावर मापानं छाप. कापड आण. कात्री तू चालव."

"मी? लग्नाला येणार नाही म्हणाला होतात, दुसऱ्या कुणी कात्री लावली तर!"

"तू दुसरी कधीपासून झालीस?"

चिंधीनं लहानपणी शिकलेलं हाताला आठवत होतं, पण गंज चढला होता. रोज संध्याकाळी ती फोन समोर टेकवून बसे आणि मास्तर तिकडून हुकूम सोडत. कापड ताणू नकोस. कच्चा टाका आधी. बाही उलटी लावलीस, डोळे कुठे होते? "उसव," ते म्हणत, आणि ती उसवी. पुन्हा लावी. "उसव." नवरा मुलगा एकदा चुकून म्हणाला, मला तर छान दिसतंय. "त्याला बाहेर बसव," मास्तर म्हणाले. एकदा ती इतकी चिडली की तिनं फोन पालथा घातला. अर्ध्या तासानं सरळ केला, तर मास्तर तिथेच बसलेले. "झालं? आता बाही घे." ती बाही बसली. मास्तर बघत राहिले. काही बोलले नाहीत. त्यांच्या दुकानात याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

लग्नाच्या दिवशी ती तयार होऊन खोलीबाहेर आली. आधी खांदे आले. मास्तरांनी तिला वळायला लावलं, चालायला लावलं, जिना चढायला लावला. हॉलमधले पाहुणे खोळंबले होते, बायको डोळे वटारत होती, पण मास्तरांना घाई नव्हती. खांदा ओढत नव्हता. घेर गेममध्ये हलला होता तसाच हलला. चेन कुठे दिसत नव्हती.

"गळा जरा बघू," ते म्हणाले आणि मागून कॉलर उलटून त्यांनी आतली तुरपाई बोटांनी चाचपली. हातानं घातलेली, बारीक, एकसारखी. आणि मध्येच बोटाला काहीतरी टणक लागलं.

एक बटण होतं. छोटंसं, मोतिया. समोर काज नाही, कशाला जोडलेलं नाही, बाहेरून कुणाला दिसणार नाही असं. नुसतंच शिवून ठेवलेलं.

"हे काय?"

"तुम्ही नव्हतं का विचारलं, बटणं कशी वाटली?" चिंधी मान न वळवता म्हणाली. "मी म्हटलं होतं, आवडली. मग एक तरी हवं ना."

मास्तरांचं थरथरतं बोट त्या बटणावर टेकलेलं होतं. ड्रेसवर बटण, तेही बिनकामाचं. इतक्या वर्षांत असं कुणी केलं असतं तर त्यांनी एकच शब्द उच्चारला असता. आता त्यांनी कॉलर सरळ केली, वरून तळहात फिरवला आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"चल," ते म्हणाले. "लोक थांबलेत."