परड्यातले पाटील

नव्वदच्या दशकात आमच्या गावच्या पोलीस पाटलाच्या घरामागे गांजाची तीन झाडं उगवली होती. ती मी लावली होती. (‘उगवली होती’ हे सवयीनं लिहिलं गेलं. फौजदारासमोरही माझ्या तोंडून पहिल्यांदा हेच निघालं होतं.)

पोलीस पाटील म्हणजे माझा थोरला भाऊ, दादा. आमचं गाव लोणीच्या अलीकडं, आंबेगावच्या कोरड्या अंगाला. गावात मारामारी झाली, मोटर चोरीला गेली, कुणी विहिरीत पडलं, की ठाण्यावर वर्दी द्यायचं काम दादाचं. माणूस इतका सरळ, की त्यानं स्वतःच्या मेव्हण्याची हातभट्टी पकडून दिली, आणि वर त्याच मेव्हण्याला जामीनही राहिला! वहिनी पुढची दोन वर्षं माहेरी जाऊ शकल्या नाहीत. पाटीलकीचं मानधन नावापुरतं. पण चॉकलेटी जाकीट घालून, काठी घेऊन दादा ठाण्याला निघाला की रस्त्यावरची माणसं हातातली बिडी मागं धरत. दादाला एवढंच हवं असायचं.

अशा माणसाच्या परड्यात मी गांजा लावला!

लावला तो आईच्या गुडघ्यांसाठी. आईला ओट्यावरून उतरायला दोन माणसं लागत आणि चढायला तीन. शिवरात्रीला मी भीमाशंकरला गेलो होतो, तिथं पायऱ्यांच्या कडेला एक जडीबुटीवाला बसला होता. त्यानं माझ्याकडून गुडघ्यांची सगळी हकिकत ऐकली आणि कागदाची पुडी हातावर ठेवली.

“तीन झाडं लाव. तयार झाली की तेलात उकळून चोळ. म्हातारी पळंल!”

“कशाचं बी हाय हे?”

“शंकराच्या दारात बसून असलं इचारत्यात व्हय?” तो म्हणाला.

म्हणजे मला कळलं होतं. गाव आजही म्हणतं, “त्या बिचाऱ्याला ठाव नव्हतं.” गाव मोठ्या मनाचं आहे. मला ठाऊक होतं.

“पण तयार झाली हे वळखायचं कसं?” मी विचारलं. तेवढ्यात त्याच्याकडं मूळव्याधीचं गिऱ्हाईक आलं. त्याचं दुखणं माझ्या आईपेक्षा निकडीचं होतं. माझा प्रश्न तिथंच राहिला.

पावसाळ्यात गोठ्यामागं बी टाकलं. गोठा माझ्याकडं, दादा तिकडं फिरकत नसे. उगवलं. आता मी कांद्याचा माणूस. कांद्याचं मला डोळे मिटून कळतं. पात पिवळी पडते, मग मान पडते. निम्म्या माना पडल्या की कांदा काढायला घ्यायचा. एवढ्या ज्ञानावर मी गांजाची मान पडायची वाट बघत बसलो.

झाडं गुडघ्याएवढी झाली. कमरेएवढी झाली. मान पडायचं नाव नाही. उलट दसऱ्यापर्यंत तीच मला वरून खाली बघायला लागली!

“पडली का मान?” माझी बायको सुनंदा रोज धारेच्या वेळी विचारायची.

“न्हाई अजून.”

“दादांना कळलं तर तुमची पडंल. सांगून टाका त्यांना.”

“तयार झाली की काढतो. मग सांगतो.”

शेवटी मी शेजारच्या धोंडूतात्यांना विचारलं. तात्या बाजरीतले जाणकार. मी गोष्ट फार आडवळणानं काढली. म्हणालो, “तात्या, समजा येक झाड हाय. आपलं न्हाई, दुसऱ्याचं. नाव आपल्याला ठाव न्हाई. ते तयार झालं, हे कसं वळखायचं?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “गांजा हाय व्हय?”

माझी नजर गोठ्याकडं गेली.

“कुठंय? चल, बघू.”

तात्यांनी बाजरीच्या कणसासारखं बोंड तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि एक दाणा दाढेखाली धरला. “कच्चा हाय. कट्ट वाजला पायजे.” मग त्यांनी शपथ घेतली की ही गोष्ट कुणाला सांगणार नाही. (फक्त श्रीपतीला सांगणार, कारण तो ‘आपलाच’ आहे.)

श्रीपती भुईमूगवाला. तो म्हणाला, “वरून काय कळतंय, राव? उपटून बघाया लागतंय!” आणि मी ‘नको नको’ म्हणेपर्यंत त्यानं एक झाड मुळासकट उपटलं. मुळ्या निरखल्या, झटकल्या, वास घेतला. “पांढरी हाय मुळी. न्हाई तयार.” मग पुन्हा खड्ड्यात रोवून पायानं माती दाबली. झाड जगलं! इतकं चिवट पीक मी आजवर बघितलं नाही.

श्रीपतीनं त्याच्या साडूला आणलं. साडू नारायणगावकडचा, टोमॅटोवाला. त्याचं म्हणणं, “रंग फिरू द्या, पावणं. घाई केली की मार खातो माल.” मी पंधरवडाभर झाड लाल व्हायची वाट बघितली.

अशी रोज दोन-तीन माणसं गोठ्यामागं येऊन जायला लागली. दादा समोरच्या ओट्यावर बसलेला असायचा. लोक त्याला वाकून रामराम घालत आणि माझ्या मागं परड्यात शिरत. दादाला फार बरं वाटायचं. एकदा म्हणाला, “लोक तुझा सल्ला घ्याया लागले, बाळू. चांगलं हाय. असंच नाव कमव.”

त्या दिवशी सांगायला हवं होतं. मी जेवणाचं ताट तसंच सारलं आणि झोपलो.

मग पाखरं आली. चिमण्या, पोपट, सगळं खानदान! तात्या म्हणाले, “आता कळलं. पाखरू बसलं म्हंजी दाणा भरला. चार दिस राखण कर, मंग काढ.” म्हणून सुनंदानं बुजगावणं केलं. दादानं नवीन जाकीट शिवून जुनं चॉकलेटी घरात पुसायला दिलं होतं. ते बुजगावण्याला चढवलं, वर जुनी टोपी. मोडकी काठी होती ती हातात बांधली.

“दादांना गाव भ्यायचं, पाखरं का नाय भेणार?” सुनंदा म्हणाली.

पाखरं खरोखर पळाली.

तिसऱ्या दिवशी दादा पीठ दळायला गिरणीवर गेला होता. जत्रेच्या बंदोबस्ताचं बोलायला ठाण्याचे फौजदार आले. जीप रस्त्यावर थांबली. परड्याच्या कुडावरून, हिरव्या झाडोऱ्यात त्यांना चॉकलेटी जाकीट, टोपी आणि काठी दिसली.

“काय पाटील!” त्यांनी हाक मारली.

पाटील गप्प. मी गोठ्यात म्हशीखाली बसलेलो. माझ्या हातातली धार जमिनीवर जायला लागली.

“ओ पाटील! आम्ही बोलतोय!”

पाटलांनी मानही वळवली नाही. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि पाटलांनी हात असा झटकला, ‘चल, नीघ!’ म्हणावं तसा.

फौजदार जीपमधून उतरले. चेहरा लालबुंद. कुडाचं फाटक ढकलून ते तरातरा आत आले, पाटलांच्या समोर उभे राहिले, आणि मग त्यांनी पाटील कशाची राखण करताहेत ते बघितलं.

पुढचं इतक्या भराभर झालं की विचारू नका. हवालदार धावला, गाव जमलं, आणि डोक्यावर पिठाची गोणी घेऊन दादा परड्यात आला. त्याची नजर आधी बुजगावण्यावर गेली.

“हे माझं जाकीट,” तो म्हणाला.

“आणि ही?” फौजदारांनी विचारलं.

दादानं झाडं बघितली. गोणी हळूच खाली ठेवली. “परडं माझं हाय, साहेब.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“न्हाई.”

“ठाऊक असेल तर तुम्ही गुन्हेगार. ठाऊक नसेल तर पोलीस पाटील कशाला म्हणायचं तुम्हाला?”

मी पुढं झालो. “साहेब, ती... उगवली होती. म्हंजी माझी हायेत.”

कुणालाच ऐकू गेलं नाही. कारण फौजदार हवालदाराला “उपटा!” म्हणाले होते, आणि धोंडूतात्या मध्ये पडले होते.

“साहेब, दोन दिस थांबा! दाणा अजून कट्ट वाजत न्हाई!”

“दाण्याचं काय सांगता, तात्या? मुळी पांढरी हाय! म्या सोता उपटून बघितलीया!” श्रीपती ओरडला.

“साहेब, माझी हायेत,” मी पुन्हा म्हणालो.

“तू गप, बाळू,” तात्या म्हणाले. “तुला कांद्याबिगर काय कळतंय?”

फौजदारांनी हात वर केला. सगळे थांबले. “म्हणजे तुम्ही सगळे येऊन बघून गेलाय?”

श्रीपती तात्यांच्या मागं सरकला.

“सगळ्या गावाला ठाऊक, आणि फक्त पाटलाला नाही?”

“त्यास्नी कोण सांगनार, साहेब?” तात्या कळवळून म्हणाले. “त्यांनी लगेच धरून दिलं असतं की! मेव्हण्याला सोडलं न्हाई त्या मानसानं, आमाला सोडतंय व्हय?”

दादाच्या बाजूनं दिलेली एवढी चोख साक्ष मी पुढं कुठल्या कोर्टातही ऐकली नाही. फौजदार दादाकडं जरा वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आणि तेवढ्यात आई आली. आली म्हणजे ओट्यावरून उडी टाकून, लुगडं सावरत, पळत आली!

“आरं, माज्या गुडघ्याचं औषिद हाय ते! पोराला न्हेऊ नगा!”

सगळं गाव आईच्या गुडघ्यांकडं बघत राहिलं. म्हातारी पळंल, असं जडीबुटीवाला म्हणाला होता. तेल लागायच्या आधीच पळाली.

त्या शांततेत माझा आवाज फौजदारांना पहिल्यांदा ऐकू गेला. “साहेब, माझी हायेत. मी लावली. दादाला काय ठाव न्हाई.”

“कधी काढणार होतास?”

“मान पडली की, साहेब.”

“कुणाची?”

“झाडाची. कांद्याची पडती तशी.”

फौजदारांनी तोंड गोठ्याकडं वळवलं. त्यांचे खांदे हलत होते. वळले तेव्हा चेहरा पुन्हा सरकारी झाला होता. “हिची मान पडायची वाट बघत बसला असतास, तर आधी तुझ्या भावाची पडली असती.”

झाडं उपटून पंचांसमोर जाळली. (त्या धुरानं गाव झिंगलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. तसलं काही झालं नाही. झाडं ओली होती, डोळे चुरचुरले, तात्यांना खोकला झाला.) मला ठाण्यावर नेऊन दिवसभर बाकावर बसवलं, लेखी घेतलं, दम दिला आणि सोडलं. दादाला खुलासा द्यावा लागला, पण पाटीलकी राहिली.

नवं जाकीट मात्र दादानं पुन्हा घातलं नाही. कारण पोरं शेतातल्या कुठल्याही बुजगावण्याला ‘रामराम, पाटील!’ म्हणायला लागली होती. तो ठाण्याला नुसत्या शर्टावर जायचा, थंडीत सुद्धा. मला एका शब्दानं बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटलो असतो. दादानं शिव्या दिल्या नाहीत, कांद्याचे भाव तेवढे विचारत राहिला. आणि मी रोज ठरवायचो, आज माफी मागू. पण आज त्याचं डोकं दुखतंय, आज पावणं आलंय, आज नको.

वय झालं तसा दादा पाटीलकीतून मोकळा झाला. तोवर आई गेली होती, गावात घरोघर मोबाईल आले होते. मोकळा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो कांद्याच्या वाफ्यात उभा होता. निम्म्या माना पडल्या होत्या. मी ट्रंकेत पडलेलं ते नवं जाकीट घेऊन गेलो आणि त्याच्यापुढं धरलं.

“दादा, चुकलं माझं. परड्यातलं. तुझी मान खाली गेली माझ्यापायी. मला माफ कर.”

दादानं एक कांदा उपटला, माती झटकली, निरखून बघितला. मग जाकीट घेतलं आणि अंगात चढवलं. उन्हाळा होता, तरी चढवलं.

“एवढी वर्षं का लावलीस रं?”

“तयार झालीया का न्हाई, कळत नव्हतं, दादा.”

“तुला कधी कळलंय?” दादा म्हणाला, आणि वाकून कांदा काढायला लागला.