मलकापूरची पिवळी अंडी

ब्लाऊजचं माप एकदा घेतलं की हुस्नाला दुसऱ्या कुणाचं मत लागत नसे. सदर बाजारात तिच्या शिलाईचं नाव होतं. कोंबड्यांच्या बाबतीत मात्र ती ज्याला त्याला विचारत सुटायची, आणि कोल्हापुरात एकाला विचारलं की शेजारचे दोघे न विचारता उत्तर देतात. त्यामुळं तिच्या डोक्यात कायम सावळा गोंधळ.

गेल्या वर्षी रोग आला आणि तिच्या घरामागच्या परड्यातल्या सगळ्या कोंबड्यांनी बघता बघता माना टाकल्या. त्याच वर्षी शेजारची बयाबाई लेकाकडं मलकापूरला राहायला गेली. वीसेक वर्षं मधल्या भिंतीवरून या दोघींचं कालवण इकडून तिकडं जात होतं, भांडण जात होतं आणि कोंबडीची पिल्लंही. बोडक्या मानेच्या राखी कोंबड्यांची जात दोघींनी मिळूनच सांभाळलेली. हुस्नाच्या मेल्या, बयाबाईच्या मलकापूरला गेल्या. आता तिथल्या नव्या घरात सून वर्षाराणी आली आणि कोंबड्या विकायचं ठरलं.

"बाजारात जायच्या आदी अंडी धाडतो तुला," बयाबाई फोनवर म्हणाली. "उबवून काढ. तुझ्याकडं तरी वंश ऱ्हाऊ दे."

हुस्नानं मनातल्या मनात त्या सुनेला चार शिव्या घातल्या. घर झालं नाही तोवर हिला पायपुसणी आणि फरशी सुचली, कोंबड्यांची घाण नको झाली!

अंडी आली ती एसटीनं, कंडक्टरच्या सीटखाली, पत्र्याच्या डब्यात भाताच्या तुसात पुरून. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्याचे खड्डे खाऊनही एक फुटलं नव्हतं. फक्त सगळी पिवळीधमक होती.

हौशी कोंबडीवाल्यांची एक मंडळी दर रविवारी कुणाच्या तरी परड्यात जमते, चहा पिते आणि एकमेकांच्या कोंबड्यांना नावं ठेवते. त्या रविवारी ती हुस्नाकडं होती. पेन्शनर गणपतरावांनी चष्मा कपाळावर सारून अंडं निरखलं.

"देवाफुडं ठेवून धाडल्यात. हळद हाय ही."

"हळद कसली? रंगच तसला हाय ह्या जातीचा," गॅरेजवाला मुनव्वर म्हणाला.

या जातीची अंडी हुस्नानं वीस वर्षं हातात घेतली होती. ती पांढरट असतात हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं. पण मुनव्वर इतक्या ठासून बोलला की तिलाच वाटायला लागलं, आपलं लक्ष नसेल.

दूधवाल्या कृष्णातनं अंडं कानाशी धरून हलवलं. "आत कायबी हालत न्हाय. एवढं आदळत आलं तरी हालंना! माल एक नंबर हाय, भाभी."

त्याचीच अंड्यांवर बसायला आलेली खुडूक कोंबडी वाट्यानं आणली होती. अंडी एकाची, कोंबडी दुसऱ्याची, पिल्लं निम्मी निम्मी, असा जुना रिवाज. प्रवासाची अंडी लगेच ठेवायची नसतात, टोक खाली करून एक दिवस विसावू द्यायची, असं गणपतराव म्हणाले. मुनव्वर म्हणाला, टोक वर. हुस्नानं ती आडवी ठेवली, म्हणजे कुणालाच वाईट वाटायला नको. मग ओळखीसाठी प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढून तिनं ती कोंबडीखाली सरकवली.

पुढच्या रविवारी गोधडी पांघरून टॉर्चवर अंडी धरली. आत लालसर शिरा दिसायला हव्या होत्या. दिसला नुसता अंधार.

"पिल्लू भरलंय!" मुनव्वर ओरडला.

"आठवड्यात?" गणपतरावांनी विचारलं.

"मलकापूरची हवाच तसली हाय, काका."

हुस्नाला आनंदही झाला आणि शंकाही आली. असं कधी पाहिलं नव्हतं. पण मुनव्वर एवढ्या खात्रीनं म्हणतोय म्हटल्यावर ती काय बोलणार? इकडं वर्षाराणीचा फोन एकसारखा. "मावशी, निघाली का पिल्लं?" कोंबड्या विकून पुन्हा चौकशा करणाऱ्या या बाईचं काय चाललंय ते हुस्नाला कळेना. ती "न्हाय अजून" म्हणून तोडून टाकायची.

निघायची वेळ येऊन गेली. कुणी म्हणालं थांबा, कुणी म्हणालं कोमट पाणी शिंपडा. अंड्यांना कसलासा वासही यायला लागला होता. कोंबडी वाळून काटकी झाली, तिचा तुरा फिका पडला, पण ती उठायचं नाव घेईना. शेवटी एका रविवारी हुस्ना वैतागली. "तुमचं ऐकून माझं डोकं फिरायची येळ आली," म्हणत तिनं एक अंडं उचललं आणि पायरीवर आपटलं.

घाण वास सुटला. कवच गळून पडलं आणि पायरीवर घट्ट पांढरा गोळा राहिला.

"उकडलेलं हाय की हे!" कृष्णात म्हणाला.

"कोंबडीनं उकडलं?" मुनव्वरनं विचारलं.

हुस्नाला रडू फुटायला आलं. बयाबाईला वंश द्यायचा नव्हता, तर तोंडावर सांगायचं होतं. वीस वर्षांत मी काय वाईट केलं हिचं? तिनं तिरीमिरीत फोन लावला. उचलला वर्षाराणीनं.

"मावशी, निघाली का?"

"आदी सांग, अंड्यांना हळद कुणी लावली?"

"मीच की!" पोरगी खुशीत म्हणाली. "तुमच्या कोंबड्या रोगानं गेल्यावर आत्या लई रडल्या हुत्या. म्हटलं, हितनं रोग जायला नगो. उकळत्या पाण्यात हळद-मीठ टाकलं आन् अंडी चांगली अर्धा तास झाकून ठेवली. बरं केलं न्हवं?"

हुस्नानं पायरीवरच्या पांढऱ्या गोळ्याकडं पाहिलं. वर्षाराणीच पुढं बोलत राहिली.

"आमच्या कोंबड्या माझ्यापायी इकाव्या लागल्या, मावशी. मला दमा हाय, पिसांनी धाप लागती. आत्या मला एका शब्दानं बोलल्या न्हाईत. पण घरात आमचं बोलणंच न्हाय. म्हणून रोज इचारतो. तुमच्याकडं तरी निघूदेत."

मनातल्या मनात घातलेल्या सगळ्या शिव्या हुस्नाला आठवल्या आणि लाज वाटली. समोर तिघे फोनकडं कान लावून हातवारे करत होते, सांग म्हणून, नको सांगू म्हणून. तिनं त्यांच्याकडं पाठ केली.

"निघाली की गं," ती म्हणाली. "समदी निघाली."

पलीकडं आरडाओरडा झाला. "आत्या, निघाली! समदी निघाली!" मग काहीतरी सांडलं, कुणीतरी हसलं आणि बराच वेळ फोनवर कुणी आलंच नाही. शेवटी बयाबाईचा आवाज आला, दबका, अंगणात येऊन बोलत असावी तसा.

"हुस्ना, उकळत्या पाण्याचं मला आत्ता कळालं. एकबी निघालं नसंल."

"न्हाय, अक्का. वंश गेला आपला."

"जाऊ दे," बयाबाई म्हणाली. "पोरगी आज पयल्यांदा गळ्यात पडली माझ्या."