विकत घेण्यास तयार नाही

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात पालघरच्या मामलेदार कचेरीत एका शेतकऱ्याने आपण कसत असलेली जमीन विकत घ्यायला नकार दिला, अशी नोंद झाली. त्याने नकार दिलेला नव्हता.

कुळकायद्याप्रमाणे त्या वर्षांत कुळांना बोलावून एक प्रश्न विचारला जाई: कसतोस ती जमीन विकत घ्यायला तयार आहेस का? हो म्हटलं की किंमत ठरे आणि ती फेडल्यावर जमीन कुळाची होई. नाही म्हटलं की जमीन हातची जाई.

मी तेव्हा कचेरीसमोरच्या एका वकिलांकडे अर्ज लिहायचं काम करत होतो. हा शेतकरी बोईसरच्या पूर्वेकडचा, डोंगराच्या पायथ्याचा. बायकोला घेऊन आला, निकालाचा कागद पुढे ठेवला आणि यात काय हाय ते वाच म्हणाला. मी वाचून दाखवलं.  मग साहेबाला तू नेमकं काय सांगितलंस, असं मी विचारलं.

"जमीन माझीच हाय. माझीच मी इकत कशाला घेऊ?"

कारकुनाने याचं 'विकत घेण्यास तयार नाही' असं केलं होतं. खाली अंगठा होता. जमीनमालक शेठ जबाबाच्या वेळी कचेरीतल्या बाकावर बसून ऐकत होता. 

वकिलांकडे अशी ही पहिली केस नव्हती. त्यांनी अपिलाचा मजकूर सांगितला, मी लिहिला. मग त्यांनी शेतकऱ्याला समोर बसवून घेतलं आणि पुन्हा विचारतील तेव्हा 'घेतो' एवढंच म्हणायचं, असं समजावलं. तो मान हलवी, आणि प्रश्न विचारला की पहिलंच उत्तर देई. त्या जमिनीत त्याचा आजा राबला होता, बापही. शेवटी त्यानेच विचारलं,

"घेतो म्हटला तं ती शेठची हाय असा झाला ना?"

 कायद्यात तसंच आहे, वकील म्हणाले.

"घरात तोंड उघडत नाय," बायको म्हणाली. "साहेबासमोर बरा बोलला."

अपिलाच्या तारखा पडत गेल्या. कधी प्रांतसाहेब दौऱ्यावर, कधी शेठच्या वकिलाचा मुदतीचा अर्ज. एका तारखेला शेतकरीच आला नाही. तारापूरकडे बांधकामावर खडी वाहायला गेला होता. बायको आली, दिवसभर व्हरांड्यात बसली आणि संध्याकाळच्या गाडीने बोईसरला परतली. चौसष्टमध्ये अपील मंजूर झालं. म्हणजे एवढंच, की त्याला तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

मामलेदार नवे होते, खोली तीच. शेठही आला होता. प्रश्न विचारला गेला. शेतकरी शेठकडे बघत उभा राहिला. मामलेदारांनी पुन्हा विचारलं.

"बोल एकदाचा," बायको दारातून म्हणाली. "पेरणी खोळंबलीय."

"घेतो," तो म्हणाला. "पण..."

कारकुनाने अंगठा घेतला. पट्टेवाल्याने पुढचं नाव पुकारलं.

किंमत ठरवायची चौकशी वेगळी होती. तिच्याही तारखा पडू लागल्या. सदुसष्टच्या पावसाळ्यानंतर मी पालघर सोडलं. त्याआधी काढलेल्या सातबाराच्या उताऱ्यावर मालक म्हणून शेठचं नाव होतं. जमीन तो शेतकरी कसत होता.