लंडन किती मेणबत्त्या लांब?

मंडळी, आज मिठबावहून पिंगुळीला कळसूत्री बाहुल्या बघायला निघालो होतो. पोचलो नाही.

वाटेत वाडीतल्या क्रुसापुढे आमची रोझीमावशी बसलेली दिसली. तिची मुलगी सिल्विया आज सकाळी नर्सच्या नोकरीसाठी मुंबईहून लंडनला निघाली, विमानात पहिल्यांदाच. मावशीकडची रीत अशी, की घरचं माणूस प्रवासात असलं की ते पोचेपर्यंत इथली मेणबत्ती विझू द्यायची नाही.

मेणबत्ती बोटभर उरली होती.

"सातांक सुटला, बारांक पोचतला. तिकिटार लिवला आसा," मावशी म्हणाली.

मी तिच्या मोबाईलवर तिकीट बघितलं. "मावशे, हे बारा थंयचे. थंयचा घड्याळ साडेचार तास मागे आसा. एकूण साडेनऊ तास लागतत."

ती ज्योतीकडे बघत राहिली. "म्हणजे बारांक माजा चेडू खंय आसतला?"

"आभाळातच."

"मगे हंय बसान गजाली काय मारतंस? दुकानात जा."

गेलो. दोन जाड मेणबत्त्या आणल्या, पहिली विझायच्या आत.

आता तीन वाजलेत. समुद्रावरून वारा येतोय, म्हणून मी हातांचा आडोसा करून बसलोय आणि मध्येच एका हाताने हे लिहितोय. फोनच्या नकाशावर इवलंसं विमान युरोपवरून सरकतंय. सात हजार किलोमीटर हा मला आजवर नुसता आकडा वाटायचा. आज तो माझ्यासमोर हळूहळू वितळतोय.

तुमचं माणूस आभाळात असतं, तेव्हा तुम्ही खाली काय करता?