आल्दोच्या बायकोच्या स्वयंपाकघरात

११ जून १९९३. विमान रात्रीचं होतं आणि बॅगा भरायचं काम माझ्याकडे. लंडनमध्ये एजवेअरला राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीसाठी, मंदासाठी, मेतकूट आणि गोडा मसाला घेतला होता. बॅग वजनात बसेना. उपसून पाहिलं तर तळाशी आल्दो. म्हणजे ह्यांनी पंधरा वर्षं खपून केलेलं त्याच्या कवितांचं मराठी भाषांतर.

"तेवढं राहू दे," हे म्हणाले.

मेतकूट निम्मं झालं. आल्दो तसाच राहिला.

हा आल्दो इटलीच्या डोंगराळ भागातला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचा मुलगा. तिथल्या राजवटीशी पटेना म्हणून तरुणपणीच इंग्लंडला आला आणि रीडिंग नावाच्या गावात इटालियन शिकवत राहिला. ल्यूट (पोट फुगलेलं, मान मागे मोडलेलं तंतुवाद्य) उत्तम वाजवायचा. जुन्या दरबारी गाण्यांची विसरली गेलेली स्वरलिपी त्याने सोडवली, आणि कविता केल्या. हे मराठीचे प्राध्यापक. त्याचं पुस्तक ह्यांना रद्दीच्या दुकानात मिळालं, त्यापायी हे इटालियन शिकले, आणि आमच्या पुढच्या खोलीचं दार रोज संध्याकाळी बंद व्हायला लागलं. आमच्या लग्नाचा वाढदिवस ह्यांना मी सांगावा लागतो. आल्दोचा ह्यांना पाठ आहे. सवत असती तर चार बायकांना सांगता तरी आलं असतं. टकल्या इटालियन म्हाताऱ्याबद्दल कुणाकडे रडायचं?

आता आल्दो वारला होता. पुस्तक छापायला त्याच्या बायकोची परवानगी हवी होती आणि तिने कळवलं होतं, "आधी ऐकवा, मग बघू." म्हणून हा प्रवास. मला स्कॉटलंड बघायचं होतं.

एजवेअरला मंदाच्या घरी पोचलो तेव्हा पाऊस होता आणि जूनमध्ये हीटिंग चालू होतं. मंदा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे.

"ताई, यू लुक एग्झॉस्टेड. शनिवारी माझी ड्यूटी ऑफ आहे, मीच ड्राइव्ह करते रीडिंगला. भाऊजी, नर्व्हस आहात?"

"छे," हे म्हणाले आणि चहात मीठ घातलं.

शनिवारी मोटरवेने निघालो. दोन्ही बाजूंना हिरवंगार, मधूनमधून मेंढ्या, मग काचेची ऑफिसं. मंदा एक वळण चुकली आणि आम्ही एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोनदा फिरून आलो. ह्यांनी मांडीवरची फाइल एकदाही खाली ठेवली नाही. मी ठेवलेला डबा मात्र पायाने सरकवला.

विटांच्या एका लहानशा घराचं दार आल्दोच्या बायकोने उघडलं. बुटकी, एप्रन बांधलेली, हात ओले. तिने आम्हांला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि पोलेंटा (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) वाढलं. तिचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं चांगलं जमलं. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर आल्दोची ल्यूट.

मी ल्यूट उचलून बाजूला ठेवायला गेले.

"राहू दे. ती तिचीच खुर्ची," ती म्हणाली. "चाळीस वर्षं ती बसून जेवली, मी उभ्याने वाढलं. आता मी तिच्यावरची धूळसुद्धा पुसत नाही."

बाई मला आवडली.

जेवण झाल्यावर ती पावट्यासारख्या शेंगा सोलायला बसली. हे उभे राहून वाचायला लागले. छान वाचतात, वर्गात वाचावं तसं. चार कविता ऐकून तिने हात थांबवला.

"गाणार केव्हा?"

"गाणार?"

"तो आधी चाल बांधायचा. शब्द मागून. गाता येत नसेल तर ते त्याचं नाही. छापू नका."

ह्यांचा चेहरा पडला. हे साधी आरती म्हणायला लागले तरी शेजारी खिडकी लावून घेतात. पुस्तकात कुठेच चाल छापलेली नव्हती. ह्यांना कळणार कसं? खरं सांगते, मला बरं वाटलं. थोडा वेळच.

मग ती शेंगा सोलता सोलता वाडग्यावर बोटं वाजवत नुकत्याच वाचलेल्या कवितेची चाल गुणगुणू लागली. ओळ वर चढायची आणि पुन्हा पहिल्या जागी येऊन बसायची, भजनात धृपद येतं तशी. आमच्या भजनी मंडळात चाल आधी ठरते आणि शब्द तिच्या मापाने कापायचे. तीस वर्षं मी तेच करते आहे. मी ह्यांच्या हातातला कागद घेतला. "अंगणामध्ये सांडलेला प्रकाश" त्या चालीत मावेना. मी म्हटलं, "अंगणी सांडे ऊन."

"मुळात प्रकाश आहे," हे म्हणाले.

"प्रकाश बसत नाही. ऊन बसतं."

"ताई, ब्रिलियंट!" मंदा ओरडली.

आल्दोच्या बायकोने शेंगांचं वाडगं माझ्यासमोर सरकवलं. "हिला उद्या येऊ दे. सगळ्या चाली देते. मग छापा."

परतताना गाडीत ह्यांनी फाइल पुन्हा मांडीवर घेतली.

"पंधरा वर्षांत तू त्याची एक ओळ वाचली नाहीस," हे म्हणाले.

"तुम्ही दार लावून घ्यायचात."

"आणि आता एका दुपारी तो तुझा झाला."

ह्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. मला त्याची जुनी सवय आहे.

"भाऊजी, डोन्ट सल्क," मंदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठून कुकर लावला, बटाट्याची भाजी केली. हे कपडे करून, फाइल काखेत घेऊन जिन्याशी उभे होते. मी फाइल घेतली.

"अहो, भात कुकरमध्ये आहे, भाजी झाकून ठेवलीय. संध्याकाळ होईल मला," मी म्हटलं, दार ओढून घेतलं आणि एकटी रीडिंगला गेले.