डीकनवर नक्की कोण बसलं होतं?

आमच्या पेकन फोर्डमध्ये कुणालाही विचारा, "डीकनवर आठ सेकंद कोण टिकलं?" अर्धे सांगतील ऑर्व्हल हॅस्क्यू, अर्धे सांगतील डब प्रूइट, आणि सगळेच्या सगळे शपथेवर सांगतील की आम्ही तिथे होतो, या डोळ्यांनी पाहिलं. तेवढी माणसं खरंच आली असती तर बाकडी मोडून पडली असती. मीही तेच सांगत आलोय, चाळीस वर्षं. आता वय झालं, खोटं लक्षात ठेवायचा कंटाळा येतो, म्हणून सांगून टाकतो. मी होतो, पण बाकड्यांच्या मागे, सॉसेजच्या रांगेत. मोहरी लावून घेत होतो. गलका ऐकून वळलो तर सगळं आटपलेलं. आठ सेकंद म्हणजे काय हो, माणसाला धड शिंकताही येत नाही तेवढ्यात.

डीकन हा वळू. राखाडी, मानेवर एवढं मोठं वशिंड, आणि तोंडावर भाव असा की रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसेल. म्हणून नाव डीकन, म्हणजे चर्चचा सेवक. म्हातारा रफस टीग हा त्याचा मालक. पुठ्ठ्यावर डागणी म्हणजे दोन उभ्या रेघा, डावीकडेही आणि उजवीकडेही, कारण रफसचा जगावर विश्वास नव्हता. चार वर्षांत डीकनवर कुणी पाच सेकंदांच्या वर राहिलं नव्हतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या जुलैत रफसने जाहीर केलं की जो आठ सेकंद बसेल त्याला बक्षीस काही नाही, फक्त नाव.

आणि नावासाठी कोण कोण आलं! वळूस्वारीच्या मोठ्या सर्किटवरचे दोन जगज्जेते आले. ज्यांची चित्रं न्हाव्याच्या दुकानात लावलेली असतात, सगळ्यांत थोर स्वार कोण म्हणून ज्यांच्यावरून माणसं ओरडून भांडतात, तसले. एक तिसऱ्या सेकंदाला उडाला. दुसऱ्याचं तर पिंजऱ्याचं दार पूर्ण उघडलंही नव्हतं, तोवर तो जमिनीवर. मग उरले आमच्या गावचे दोघं, ऑर्व्हल आणि डब. तेवढ्यात नावं पुकारायचा कर्णा बंद पडला. दक्षिणेकडून वारा सुटला, रिंगणभर लाल धूळ. कोण आधी, कोण नंतर, यात ऐन वेळी अदलाबदल झाली म्हणे. एक पडला, एक टिकला. निकालाची वही पुढे पुरात गेली. डब त्याच हिवाळ्यात टेक्ससला निघून गेला आणि तिथेच मेला.

राहिला फक्त एक फोटो. ओडेल नावाचा एक फोटोवाला होता, स्वयंपाकघरात अंधार करून फोटो धुवायचा. त्याने टिपलेला. डीकन हवेत, पाठीवर माणूस, तोंड हॅटच्या कडेखाली गडप, एक हात मोकळा वर, दुसऱ्या हातात दोर. पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा असेल. तो आमच्या पेंडीच्या दुकानात गल्ल्याच्या वर लागला, आधी बापाच्या वेळी, मग माझ्या.

आता भानगड ऐका. फोटोतल्या माणसाच्या उजव्या हातात दोर आहे. आणि ऑर्व्हल डावखुरा! खायचा डाव्या हाताने, सही डाव्या हाताने, लहानपणी माझ्या कानाखाली वाजवली तीही डाव्याने. वळूवर बसणारा माणूस बायको बदलेल, पण दोराचा हात बदलणार नाही. डब प्रूइट उजवा. झालं, संपला की प्रश्न, असं तुम्ही म्हणाल. पण ऑर्व्हल त्या संध्याकाळी घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "मी बसलो डीकनवर."

बायको म्हणजे व्हर्लीन. तिचं म्हणणं मी तिच्याच तोंडून शंभरदा ऐकलंय. सहा महिन्यांचं पोर पदरात, आणि आदल्या दिवशी तिने बजावलं होतं, "पुन्हा वळूवर बसलास तर या घरात पाऊल टाकू नकोस." हा गेलाच. परत आला तो धुळीने माखलेला, कपाळावर टेंगूळ. आणि म्हणतो बसलो! ती म्हणाली, "हो का? आणि मी ओक्लाहोमाची महाराणी. हात धू आणि जेवायला बस."

तिचाही दोष नव्हता. ऑर्व्हल थापाड्या होता, एक नंबरचा. त्याने पकडलेला मासा दर महिन्याला वीतभर वाढायचा. सैन्यात तो स्वयंपाकी होता, पण ऐकाल तर वाटेल युद्ध यानेच संपवलं. असल्या माणसाच्या आयुष्यात एकच खरी गोष्ट घडली तर ती कुणाला आणि कशी ओळखू यावी?

मग तो शनिवार. दुकान भरलेलं. ऑर्व्हल पोत्यावर बसून सांगतोय, "... मग डीकन असा गर्रकन फिरला, मी दोर आवळला..." तेवढ्यात व्हर्लीन कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आत आली, कडेवर पोर. थांबली. मान वर करून फोटो पाहिला आणि म्हणाली, "अगं बाई! हा तर उजव्या हाताने बसलाय. माझ्या नवऱ्याला उजव्या हाताने चमचा धरता येत नाही, आणि वळू धरला म्हणे!"

दुकान हसून हसून लोटपोट. सगळ्यांत जोरात मी हसलो. ऑर्व्हलने आधी फोटोकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे. रागावला नाही तो. गोंधळला. ते तोंड मला अजून दिसतं.

लोक गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "रॉयस, डोक्याला मार लागला होता हे खरं. पण मला डावाच हात आठवतोय रे. तू होतास ना तिथे?"

"होतो की."

"मग?"

मी काय सांगणार? सॉसेज? म्हटलं, "धूळ होती रे फार."

त्यानंतर ऑर्व्हलने डीकनचं नाव काढलं नाही. मासे वाढत राहिले, युद्ध तो जिंकत राहिला, पण डीकन नाही. पुढच्याच वर्षी तो माझ्या दुकानात पोती चढवायला लागला आणि पस्तीस वर्षं त्या फोटोखाली काम केलं. कुणी नवखा विचारायचा, "कोण हो हा?" तर म्हणायचा, "काय माहीत." फक्त दर शनिवारी दुकान बंद करायच्या आधी शिडी लावून काच पुसायचा. त्यासाठी त्याचं एक वेगळं फडकं होतं, गल्ल्याखालच्या खणात. दुसऱ्या कशाला ते वापरू द्यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेला. हृदय.

आणि आता या वसंतात जिल्ह्याने रोडिओचं, म्हणजे वळूस्वारीच्या खेळांचं, संग्रहालय काढलं, जुन्या कापसाच्या गोदामात. केंड्रा नावाची पोरगी बघते तिथलं सगळं. भिंतीवर दहा थोर स्वार लावायचे, नऊ ठरले, दहावा डीकनवरचा माणूस. फोटो माझ्याकडून नेला. टेक्ससहून डबच्या नातीचं पत्र आलं की आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, तो मीच. केंड्राने मला आणि व्हर्लीनला बोलावलं. हॅस्क्यूंची हरकत नाही ना, एवढंच विचारायला.

गाडीत व्हर्लीन मजेत होती. "मी चाळीस वर्षं हेच सांगतेय. लावा म्हणावं डबचं नाव. ऑर्व्हलला स्वर्गात दुसरी थाप मारायला मोकळीक."

माझ्या मनात मात्र काहीतरी वळवळत होतं. केंड्राला म्हटलं, "पोरी, ओडेल बिअर पीत पीत फोटो धुवायचा. निगेटिव्ह उलटी ठेवली की डाव्याचं उजवं होतं. डागणीवरून कळणार नाही, दोन रेघा कुठूनही पाहा, सारख्याच. मग?"

"मीही तेच म्हटलं होतं, मिस्टर रॉयस," केंड्रा म्हणाली. "पण शर्ट बघा ना. पुरुषांच्या शर्टात डावी बाजू उजवीवर येते. बायकांच्या ब्लाउजला उलटं. फोटो उलटा छापला असता तर याची टिचबटणं बायकांसारखी दिसली असती. ती बरोबर दिसतायत. म्हणजे फोटो सरळच आहे."

मी तिथेच कोट उघडून माझ्या बटणांकडे पाहिलं. मग काचेच्या दारात पाहिलं. मग डावा हात वर केला तर दारातल्याने भलताच वर केला. डोकं गरगरायला लागलं. व्हर्लीन म्हणाली, "बस कर रे माकडा. पोरगी बरोबर सांगतेय."

"या, मोठा करून छापलाय, दाखवते," केंड्रा म्हणाली, आणि भिंतीवरची चादर ओढली.

बाप रे. माणूस जवळजवळ माणसाएवढा. डीकनच्या तोंडातली लाळ दिसत होती. आणि जो शर्ट चाळीस वर्षं मला चौकटींचा वाटत होता, तो चौकटींचा नव्हताच. त्यावर कोंबडे होते. बारीक बारीक, रांगेने.

व्हर्लीन पुढे गेली. चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला. मग म्हणाली, "हा माझा पडदा आहे."

"काय?"

"स्वयंपाकघरातला पडदा. उरलेल्या कापडाचा मी त्याला शर्ट शिवला होता. माझ्या हातचा पहिला आणि शेवटचा." तिने फोटोतल्या बटणांवर बोट ठेवलं. "माझ्याकडे कापड बेतायचा कागद एकच होता गं, माझ्या ब्लाउजचा. त्यावरूनच बेतला. बटणं उलटी आली. बायकी. तो म्हणाला, लोक हसतील, मी नाही घालणार. त्यावरूनही भांडलो होतो आम्ही."

माझं डोकं आत्ता कुठे चालायला लागलं होतं, पण हळूहळू. बटणं मुळात उलटी. फोटोत दिसतात सुलटी. म्हणजे...

केंड्राच्या ते माझ्याआधी लक्षात आलं. तिने संगणकावर फोटो फिरवला. डीकन दुसऱ्या बाजूला वळला, टिचबटणं बायकी झाली, आणि दोर आला डाव्या हातात. तोंड अजून हॅटखालीच होतं, पण आता काय पाहायचं राहिलं होतं? ते खांदे मी पस्तीस वर्षं रोज पोतं उचलताना पाहिले होते. डावा खांदा आधी खाली, मग उजवा. ऑर्व्हलच तो.

"मिस व्हर्लीन," केंड्रा हळू आवाजात म्हणाली, "मग नाव हॅस्क्यूंचं लावू ना?"

"लाव," ती म्हणाली, आणि दाराकडे चालायला लागली.

परतताना पूल आला. व्हर्लीन काचेबाहेर बघतच म्हणाली, "त्या संध्याकाळी त्याने शर्ट काढून माझ्या हातात दिला होता. म्हणाला, बघ, हा घालून बसलो. खांद्यावर वळूची लाळ होती. मला वाटलं, मुद्दाम मळवून आणलाय, मला खिजवायला. मी तिथल्या तिथे कात्री घेतली आणि फडकी केली त्याची." थोड्या वेळाने म्हणाली, "काही बोलला नाही रे तो. एक तुकडा उचलला आणि बाहेर गेला."

मी गाडी चालवत होतो खरा, पण रस्ता दिसत नव्हता.

तिला घरी सोडून मी दुकानात आलो. खण उघडला. फडकं होतं तिथेच, घडी घातलेलं. धुऊन धुऊन पांढरं पडलेलं, पण कोपऱ्यात धरून उजेडाकडे केलं तर कोंबडे दिसत होते, दोन ओळी. कडेला एक टिचबटण. पस्तीस वर्षं ते माझ्या नाकाखाली होतं आणि मी गाढव एकदाही विचारलं नाही, हे कसलं रे बाबा. आता करायचं काय, तेही कळेना. तिला द्यावं तर ती मोडून पडेल. न द्यावं तर पुन्हा मी "धूळ होती" म्हणणाराच ठरेन. दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. बायको म्हणाली, एक तरी काम धड करतोयस का?

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीनकडे गेलो. ती बिस्किटं लाटत होती. मी आधी सॉसेजचं सांगितलं, सगळं, मोहरीसकट. मग फडकं टेबलावर ठेवलं.

तिने पिठाचे हात पुसले, घडी उघडली, टिचबटणावर अंगठा ठेवला. "हे कुठे होतं?"

"दुकानात. फोटोची काच पुसायला."

"कोण पुसायचं?"

"ऑर्व्हल. दर शनिवारी."

ती खुर्चीवर बसली. चुलीवर काहीतरी करपायला लागलं, ते मीच उतरवलं.

"पस्तीस वर्षं," ती म्हणाली. "एकदा तरी सांगायचं ना मला."

त्याने सांगितलंच होतं.